आवाज नेमका कुठे बोचतो?

नंदुरबार जिल्ह्यातल्या एखाद्या आश्रमशाळेत दिवसभर कानांवर पडणाऱ्या आवाजांची यादी केली तर ती बरीच लांब होईल. पहाटेची घंटा, प्रार्थनेसाठी लावलेला ध्वनिक्षेपक, फरशीवर सरकणारी बाके, एकसुरात पाढे म्हणणारा वर्ग, जेवणाच्या वेळी एकमेकांवर आदळणारी ताटे, पावसाळ्यात पत्र्यावर कोसळणारा पाऊस, शेजारच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा. यातले बहुतेक आवाज थोड्या वेळाने आपल्याला जाणवेनासे होतात. कान ते ऐकतच असतात, पण मेंदू त्यांची दखल घेणे सोडून देतो.

काही मुलांच्या बाबतीत मात्र असे होत नाही. घंटा वाजली की ही मुले कान गच्च दाबून धरतात. ताटांचा खणखणाट सुरू झाला की जेवणाची रांग सोडून पळतात. अशा मुलांच्या वाट्याला 'हट्टी', 'भित्रा', 'ऐकत नाही' असे शेरे येतात. स्वमग्नता असणाऱ्या मुलांमध्ये ही तक्रार फार आढळते. जगभरातल्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२१ साली घेण्यात आला. त्यानुसार स्वमग्न व्यक्तींपैकी सुमारे ४० टक्क्यांना आवाजाचा असा त्रास त्या वेळी होत होता, आणि आयुष्यात केव्हा ना केव्हा तो झालेल्यांचे प्रमाण सुमारे ६० टक्के होते.

हा त्रास कानात असतो, मनात असतो की मेंदूत? प्रश्न साधा वाटतो. पण त्याच्या उत्तराचा शोध आठ दशके चालू आहे, आणि मधल्या काळातल्या चुकीच्या उत्तरांची किंमत मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना मोजावी लागली. तो इतिहास शिक्षकांनी माहीत करून घ्यावा असा आहे.

बॉल्टिमोरची अकरा मुले

१९४३ साली अमेरिकेतल्या बॉल्टिमोर शहरी, जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात काम करणारे बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. त्यात ८ मुलगे आणि ३ मुली अशा ११ मुलांची तपशीलवार वर्णने होती. ही मुले माणसांत मिसळत नसत, तेच तेच करत राहत आणि सवयीत जराही बदल झाला तर अस्वस्थ होत. कॅनर यांनी या अवस्थेला जे नाव दिले त्यातून ऑटिझम ही संज्ञा आजच्या अर्थाने रूढ झाली. मराठीत आपण तिला स्वमग्नता म्हणतो.

या निबंधात आवाजाविषयीची निरीक्षणे जागोजागी आहेत. यातली काही मुले हाक मारली तरी वळून बघत नसत, म्हणून ती बहिरी असावीत असा संशय आधी घेतला गेला होता. आणि हीच मुले धूळ ओढणाऱ्या यंत्राच्या, उद्वाहकाच्या, वाहत्या पाण्याच्या, अंडी फेटण्याच्या यंत्राच्या, क्वचित वाऱ्याच्याही आवाजाने भेदरून जात. एक मूल तर ज्या कपाटात धूळ ओढणारे यंत्र ठेवले होते त्या कपाटाच्या जवळही जायला घाबरत असे.

कॅनर यांनी आणखी एक गोष्ट टिपली. ज्या आवाजाला मूल घाबरते तेवढाच मोठा आवाज ते स्वतः मात्र आनंदाने करते. म्हणजे भीती आवाजाच्या मोठेपणाची नाही. बाहेरून, न विचारता, अचानक अंगावर येणारा आवाज त्याला सहन होत नाही. हे निरीक्षण पुढे बराच काळ बाजूला पडले. त्याचे महत्त्व आपल्याला लेखाच्या शेवटी दिसेल.

दोष कोणाचा?

१९४९ साली अमेरिकेतल्याच बर्गमन आणि एस्कलोना या दोघांनी फार लहान वयातल्या पाच मुलांचा अभ्यास मांडला. आवाज, उजेड, स्पर्श, वास या सगळ्यांचा या मुलांना तीव्र त्रास होई. प्रत्येक मुलाभोवती बाहेरच्या जगाचा मारा अडवणारे एक संरक्षक कवच असते आणि या मुलांचे कवच जन्मतःच पातळ असावे, अशी कल्पना त्यांनी मांडली. भाषा मनोविश्लेषणाची होती, पण रोख मुलाच्या शरीररचनेकडे होता.

तो काळ मात्र वेगळ्याच विचाराने भारलेला होता. मूल जगापासून तोंड फिरवते कारण त्याला आईची माया मिळाली नाही, असे ठासून सांगितले जाऊ लागले. कॅनर यांनी ही अवस्था जन्मजात असल्याचे म्हटले होते खरे, पण आईवडिलांच्या थंडपणाबद्दलही त्यांनी लिहिले होते, आणि तेवढेच लोकांनी उचलले. शिकागोच्या ब्रूनो बेटेलहाइम यांच्या १९६७ सालच्या पुस्तकाने हा समज घरोघर पोहोचवला. या चौकटीत कानांवर हात ठेवणारे मूल म्हणजे नकोशा जगाला नकार देणारे मूल ठरले. त्याला आवाज खरोखर बोचत असेल, हे तपासण्याची गरजच कोणाला वाटली नाही.

याला पहिला सज्जड विरोध एका वडिलांनी केला. बर्नार्ड रिमलँड हे अमेरिकी नौदलात मानसशास्त्रज्ञ होते आणि त्यांचा मुलगा स्वमग्न होता. उपलब्ध सगळे संशोधन वाचून त्यांनी १९६४ साली पुस्तक लिहिले आणि स्वमग्नतेचे मूळ मेंदूत आहे असे प्रतिपादन केले. मेंदूच्या देठात, म्हणजे मेंदूस्तंभात, चेतापेशींचे एक जाळे असते. जागेपण आणि सावधपणा यांचे नियमन ते करते. बिघाड तिथे असावा, असा त्यांचा तर्क होता. नेमकी जागा सांगण्यात तो तर्क पुढे टिकला नाही, पण प्रश्नाची दिशा बदलली. पुस्तकाला प्रस्तावना खुद्द कॅनर यांची होती.

१९७७ साली सुसान फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी इंग्लंडमधल्या जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. प्रत्येक जोडीतले किमान एक मूल स्वमग्न होते. एकाच फलित अंड्यापासून झालेल्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोघेही स्वमग्न निघाले. वेगवेगळ्या अंड्यांपासून झालेल्या १० जोड्यांत अशी एकही जोडी नव्हती. दोन्ही प्रकारच्या जुळ्यांना वाढवणारे आईवडील तेच असतात. फरक असतो तो आनुवंशिकतेत. आईला दोष देणाऱ्या विचाराचा पाया येथे खचला.

कान तपासले, कान ठीक निघाले

दरम्यान लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातले ऑर्निट्झ आणि रिट्वो यांनी १९६८ साली एक कोडे नीट शब्दांत मांडले. एकच मूल एका वेळी मोठ्या आवाजाकडे ढुंकूनही पाहत नाही आणि दुसऱ्या वेळी कागदाच्या चुरचुरीने रडू लागते. कान बिघडला असता तर तो नेहमीच बिघडलेला दिसला असता. म्हणजे आत येणाऱ्या संवेदना एका पातळीवर राखणारी मेंदूतली यंत्रणाच डळमळीत असावी.

हे पडताळून पाहायचे तर जे मूल बोलत नाही, बटण दाबत नाही, त्याचे ऐकणे मोजणार कसे? १९७०च्या सुमारास त्याचे साधन हाती आले. डोक्याला बारीक तारा चिकटवतात आणि कानात टकटक असे आवाज सोडतात. आवाजाचा संदेश कानाकडून मेंदूस्तंभातून वर जाताना पहिल्या दहा मिलिसेकंदांत विजेच्या अगदी क्षीण लाटा उठतात. शेकडो टकटकींची सरासरी काढली की त्या लाटा स्पष्ट दिसतात. मूल झोपलेले असले तरी चालते. आपल्याकडे हिलाच 'बेरा' तपासणी म्हणतात. बोलायला उशीर झालेल्या मुलाच्या पालकांना हा शब्द हमखास ऐकावा लागतो.

१९७८पासून स्वमग्न मुलांवर ही तपासणी होऊ लागली. काही ठिकाणी लाटा उशिरा उठताना दिसल्या, काही ठिकाणी दिसल्या नाहीत. बहुतेक मुलांचे कान मात्र चांगले काम करत होते. १९९९ साली स्वीडनमध्ये १९९ स्वमग्न मुलांची आणि किशोरांची श्रवणतपासणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी १८ टक्के मुलांना साध्या टकटकीचा आवाज असह्य झाला. तुलनेसाठी घेतलेल्या समवयस्क मुलांत असे एकही मूल नव्हते. त्याच अभ्यासात काही स्वमग्न मुलांना खरोखर कमी ऐकू येते असेही आढळले. म्हणून स्वमग्नतेचा संशय असला तरी कान तपासून घ्यायचेच, आणि कान ठीक निघाले म्हणून मुलाची तक्रार खोटी ठरवायची नाही. दोन्ही धडे या एका अभ्यासातून मिळतात.

एका 'चमत्कारा'ची कथा

कान आणि मेंदू यांच्यामधली ही रिकामी जागा भरायला उपचार विकणारेही पुढे आले. फ्रान्समधले कान-नाक-घसातज्ज्ञ गी बेरार यांनी १९८२ साली एक पद्धत मांडली. मुलाला ठरावीक स्वर गाळलेले संगीत रोज दोनदा अर्धा-अर्धा तास, दहा दिवस ऐकवायचे. १९९१ साली एका अमेरिकी आईने आपली मुलगी या उपचाराने बरी झाल्याचे पुस्तक लिहिले आणि पाश्चात्त्य देशांत या उपचाराची लाट आली. पालकांनी मोठ्या रकमा खर्च केल्या. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९८ साली, हा उपचार सिद्ध झालेला नाही असे जाहीर केले. नंतर काटेकोर चाचण्यांचे आढावे घेतले गेले, त्यांतही त्याच्या बाजूने पुरेसा पुरावा सापडला नाही. आजही असे उपचार नव्या नावांनी विकले जातात. पालक शिक्षकांना विचारतात, म्हणून हा इतिहास लक्षात असावा.

मेंदूच्या आत

मृत्यूनंतर दान झालेल्या मेंदूंच्या अभ्यासाने पुढची पायरी गाठली. १९८५ साली बॉस्टनच्या बाउमन आणि केम्पर यांनी एका स्वमग्न पुरुषाच्या मेंदूचे पातळ काप तपासले. अमिग्डाला या भागातल्या चेतापेशी त्यांना लहान आणि दाटीवाटीने भरलेल्या आढळल्या. अमिग्डाला म्हणजे बदामाच्या आकाराचा एक पुंजका. समोर आलेली गोष्ट धोक्याची आहे का, हे ठरवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. १९९६ साली पॅट्रिशिया रोडियर यांनी एका स्वमग्न स्त्रीचा मेंदूस्तंभ अभ्यासला. आवाजाच्या मार्गावरचे एक महत्त्वाचे केंद्र त्यात जवळजवळ नव्हतेच. २००८ नंतर इतर काही स्वमग्न व्यक्तींच्या मेंदूंतही याच केंद्रात पेशींची संख्या कमी आणि रचना विस्कळीत आढळली. असे मेंदू अभ्यासाला फार थोडे मिळतात. त्यामुळे सगळ्या स्वमग्न व्यक्तींत असेच असते, असे यावरून म्हणता येत नाही.

याच सुमारास अमेरिकी शास्त्रज्ञ जोसेफ लडू यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवले की आवाजाला अमिग्डालापर्यंत जाण्यासाठी दोन वाटा असतात. एक लांबची, मेंदूच्या बाह्यकातून जाणारी. तिच्यात आवाज ओळखला जातो. दुसरी जवळची, थेट. तिच्यात आवाज ओळखण्याआधीच शरीर दचकते. कुकरची शिटी झाली की आपण आधी दचकतो आणि मग 'अरे, कुकर' असे म्हणतो, ते यामुळेच.

जिवंत माणसाच्या मेंदूत हे चालताना पाहणे चुंबकीय प्रतिमातंत्रामुळे शक्य झाले. लॉस एंजेलिसच्या शुलामाइट ग्रीन आणि सहकाऱ्यांनी २०१३ आणि २०१५ साली स्वमग्न मुलांना व किशोरांना यंत्रात झोपवून त्रासदायक आवाज ऐकवले आणि हातावर खरखरीत लोकर घासली. स्वमग्न नसलेल्या मुलांचा अमिग्डाला सुरुवातीला उसळला आणि मग शांत झाला, म्हणजे सरावला. ज्या स्वमग्न मुलांच्या पालकांनी आवाजाचा त्रास सांगितला होता त्यांचा अमिग्डाला आणि संवेदनांचे बाह्यक मात्र चटकन सरावले नाहीत. आणखी महत्त्वाचे असे की ज्या स्वमग्न मुलांना असा त्रास नव्हता त्यांच्या मेंदूचा पुढचा भाग अमिग्डालाला आवर घालताना दिसला. म्हणजे फरक कानात शिरणाऱ्या आवाजात नव्हता. तोच आवाज दहाव्यांदा आला तरी मेंदूला तो पहिल्यांदाच आल्यासारखा वाटत होता.

२०१४ साली अमेरिकेतल्या पवन सिन्हा आणि सहकाऱ्यांनी एक व्यापक कल्पना मांडली. पुढे काय होणार याचा अंदाज बांधणे मेंदूला जड जात असेल, तर प्रत्येक घटना अनपेक्षित ठरते, आणि जे अनपेक्षित असते त्याला सरावता येत नाही. ही कल्पना अजून पडताळली जात आहे. पण कॅनर यांचे जुने निरीक्षण तिच्यात नीट बसते. स्वतः केलेल्या आवाजाचा अंदाज मेंदूला आधीच असतो. दुसऱ्याने केलेल्या आवाजाचा नसतो.

संशोधनाचा हा ओघ पाहून २०१३ साली अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत, संवेदनांना फार जास्त किंवा फार कमी प्रतिसाद देणे हे स्वमग्नतेच्या लक्षणांमध्ये समाविष्ट झाले. कॅनर यांनी जे १९४३ साली लिहिले होते, ते निदानाच्या निकषांत यायला ७० वर्षे गेली.

आपल्याकडे

आपल्या राज्यात मुंबईच्या वांद्र्याला श्रवणदोषांसाठी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ साली सुरू झाली. मेंदूच्या मूलभूत संशोधनातही मुंबईचा वाटा आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या डॉ. शुभा तोळे आणि सहकाऱ्यांनी २००७ साली उंदरांच्या भ्रूणांत दाखवले की अमिग्डालाच्या एका भागातल्या पेशी मेंदूच्या मागच्या बाजूला जन्मतात आणि तिथून प्रवास करून आपल्या जागी पोहोचतात. हे काम स्वमग्नतेवरचे नव्हे. पण अमिग्डाला घडतो कसा हे कळल्याशिवाय तो वेगळा कसा घडतो हे कळणार नाही.

कायद्याची वाटचाल सावकाश झाली. अपंग व्यक्तींसाठीच्या १९९५च्या कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला, आणि २०१६च्या कायद्यातल्या २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत तिला जागा मिळाली. दाखला देण्यासाठी भारतात तयार झालेली ४० मुद्द्यांची प्रश्नावली वापरतात. तिच्या सहा विभागांपैकी एक विभाग संवेदनांचा आहे. २०१८ साली उत्तर गोव्यासह देशातल्या पाच ठिकाणच्या ३,९६४ मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. तीत स्वमग्नतेचे प्रमाण ढोबळमानाने शंभरात एक असे निघाले. म्हणजे चारशे पटाच्या शाळेत अशी सुमारे चार मुले असणे अगदी स्वाभाविक आहे.

काठीचा ढोल आणि शाळेची घंटा

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. २०११च्या जनगणनेनुसार येथील सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत. येथे बाहेरच्या प्रश्नावल्या जशाच्या तशा वापरून भागत नाही. कॅनर यांच्या यादीतली यंत्रे धडगाव किंवा मोलगीच्या घरात नसतात. तिथल्या मुलाला काय बोचते याची यादी तिथल्या शिक्षकालाच करावी लागेल: गिरणी, जीपचा भोंगा, बोअरचे यंत्र, लग्नातला डीजे.

दुसरी अडचण भाषेची. पावरी किंवा भिली बोलणारे मूल मराठी वर्गात गप्प बसते, ते भाषा कळत नाही म्हणून. ते स्वमग्न आहे, की त्याला कमी ऐकू येते, की नुसती भाषेची अडचण आहे, हे पाहायचे तर त्याला घरच्या बोलीत हाक मारून पाहावी आणि घरी ते कसे वागते हे आईला विचारावे. आवाजाचा त्रास स्वमग्नता नसलेल्या मुलांनाही होतो. कान दुखत असला तरी मूल कान दाबते. तेव्हा निदान शिक्षकांनी करू नये. नोंद ठेवावी आणि मुलाला जिल्हा रुग्णालयापर्यंत पोहोचवावे.

अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची होळी प्रसिद्ध आहे. रात्रभर ढोल वाजतात, कमरेला घुंगरू बांधून लोक नाचतात. आवाज बोचणारे मूल या गर्दीत कोसळेल असे आपण गृहीत धरतो. ते खरे ठरू शकते, आणि एखादे मूल ढोल स्वतः हातात घेऊन खुशाल वाजवतही बसेल. ठोका त्याच्या हातात असतो, आणि पुढचा ठोका केव्हा पडणार हे त्याला माहीत असते. शाळेची घंटा त्याच्या हातात नसते.

यातून काही साधे उपाय निघतात. घंटा होण्याआधी त्या मुलाला सांगावे. जमल्यास घंटा त्यालाच वाजवू द्यावी. त्याची जागा ध्वनिक्षेपकापासून आणि दारापासून दूर ठेवावी. त्याला रांगेच्या आधी किंवा नंतर जेवू द्यावे. असह्य झाले तर जाऊन बसायला एक शांत कोपरा असावा. कान झाकणारी साधने प्रसंगापुरती वापरावीत, दिवसभर नव्हे. २००३ साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात निरोगी स्वयंसेवक दोन आठवडे कानांत बोळे घालून राहिले. नंतर त्यांना नेहमीचेच आवाज मोठे वाटू लागले. कमी आवाज आला की मेंदू आपली संवेदनशीलता वाढवतो. 'सवय होईल' म्हणून मुलाला जबरदस्तीने गोंगाटात उभे करणेही चुकीचे आहे. ज्या मेंदूला सरावणेच अवघड जाते, त्याला त्यातून सवय होत नाही, नुसती दहशत बसते.

उरतो तो गावाचा गोंगाट. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी शाळांभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्रात धरला आणि दिवसाची मर्यादा ५० डेसिबल ठेवली. २०१७च्या दुरुस्तीनंतर असे क्षेत्र राज्य शासनाने अधिसूचित करावे लागते. ग्रामसभेत आणि शाळा व्यवस्थापन समितीत हा विषय शिक्षकांनी काढायला हरकत नाही. शांत वर्गाचा फायदा एका मुलापुरता राहत नाही. मागच्या बाकावरच्या सगळ्यांनाच तो होतो.

कानांवर हात ठेवणारे मूल आपल्याला काहीतरी सांगत असते. शास्त्राला ते ऐकायला सत्तर वर्षे लागली. आपल्या वर्गातल्या मुलाला मात्र तेवढी वाट पाहायला लावता येणार नाही.